ओल्या हिवाळ्याचा वायदा

गेल्या दिवाळीत एका अंकात माझ्या एका विद्वान मित्राचा कॅलिफोर्नियाच्या दुष्काळावर लेख आला होता. मित्र म्हणतो ते जुन्या ओळखीखातर. एरवी आम्ही एकमेकांचं लेखन वाचतो ते चुका काढण्याच्या पवित्र हेतूने. हा गृहस्थ निवृत्त इंजिनिअर, मुक्काम सॅन होजे, आणि मराठी वाचकाला जगाची ओळख करून देण्याचं काम आपल्यावर सोपवलेलं आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत. त्याच्या लेखाचा मथितार्थ असा: दुष्काळ आता पूर्वीसारखा आंधळा राहिलेला नाही. पॅसिफिक महासागराचं तापमान मोजता येतं, एल निनो, म्हणजे त्या समुद्राचं तापणं, काही महिने आधी दिसतो, आणि तो दिसला की कॅलिफोर्नियाचा हिवाळा ओला जाणार हे कळतं. तेव्हा दुष्काळ हा धीराने वाट पाहण्याचा प्रश्न आहे, बाकी सगळा कांगावा. मग एक टाळ्यांचं वाक्य: एल निनोच्या वर्षी मराठवाड्याचा पाऊस कॅलिफोर्नियात जाऊन पडतो. आणि जाता जाता एक चिमटा: धरणं भरत असतानाही भूजलाचं तुणतुणं वाजवणारे लोक म्हणजे लग्नघरात सुतक पाळणारे. हा चिमटा कुणासाठी होता ते मला सांगावं लागलं नाही.

सुतकाचं पुढे बघू. आधी लग्नाचं.

कॅलिफोर्नियात पाऊस आपल्या उलट वेळी येतो. नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा पावसाळा; उन्हाळा बहुतेक कोरडा. सिएरा नेवाडा पर्वतावर पडणारा बर्फ हा त्यांचा वरचा साठा, तो वसंतात वितळून धरणांत येतो. २०१२पासून हे गणित फिसकटत गेलं. १ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरातल्या फिलिप्स स्टेशन नावाच्या ठिकाणी उभे राहिले. एरवी तिथे त्या तारखेला पाच फुटांहून जास्त बर्फ असतो. ते वाळल्या गवतावर उभे होते. राज्यभरातला बर्फाचा साठा त्या दिवशी सरासरीच्या पाच टक्के होता. तिथूनच त्यांनी शहरांच्या पाणीवापरात पंचवीस टक्के सक्तीची कपात जाहीर केली.

त्याच उन्हाळ्यात पॅसिफिक तापायला लागला. पॅसाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले हवामानतज्ज्ञ बिल पॅट्झर्ट म्हणाले की हा एल निनो 'गॉडझिला' होण्याची शक्यता आहे. शक्यता हा शब्द गळून पडला आणि गॉडझिला उरला. वर्तमानपत्रांनी त्याची चित्रं काढली, लोकांनी छपरं दुरुस्त करून घेतली. सरकारी हवामान खात्याने ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात सरासरीपेक्षा जास्त पावसाकडे कौल दिला. समुद्राने आपलं काम चोख केलं: तो एल निनो १९८२-८३ आणि १९९७-९८च्या तोडीचा निघाला. पाऊस मात्र वर सरकला. सिएटलकडे धो धो, उत्तर कॅलिफोर्नियात जेमतेम सरासरी, आणि लॉस एंजेलिसमध्ये सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. गॉडझिला आला, पण दुसऱ्याच गावाला गेला.

पुढच्या हिवाळ्याबद्दल कुणी फारसं बोलत नव्हतं. पॅसिफिक उलट थोडा थंडच होता. त्या २०१६-१७च्या हिवाळ्यात सिएराच्या उत्तर भागात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक पाऊस पडला, ओरोव्हिल धरणाचा सांडवा फुटला आणि फेब्रुवारीत पावणेदोन लाखांहून अधिक माणसांना रातोरात घरं सोडावी लागली. २०२२-२३ला लागोपाठ तिसऱ्या वर्षी ला निना, म्हणजे थंड पॅसिफिक, होता, दक्षिणेला कोरड्या हिवाळ्याचा कौल होता, आणि नाताळपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत एकामागून एक नऊ वातावरणीय नद्या येऊन आदळल्या. वातावरणीय नदी म्हणजे उष्ण समुद्रावरून निघालेला बाष्पाचा लांबच लांब, अरुंद पट्टा. कॅलिफोर्नियाच्या वार्षिक पावसाचा तिसरा हिस्सा ते निम्मा वाटा असे मोजके पट्टे आणतात. दोन-चार कमी आले की दुष्काळ, दोन-चार जास्त आले की पूर. ते नेमके कुठे धडकणार हे आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळतं. तीन महिने आधी नाही.

आता ते टाळ्यांचं वाक्य. २०१५मध्ये देशाचा पावसाळा सरासरीच्या ८६ टक्क्यांवर थांबला, मराठवाड्यात तूट चाळीस टक्क्यांची होती. तो पाऊस कॅलिफोर्नियात पडला असता तर निदान कुणाच्या तरी कामी आला म्हणून समाधान मानलं असतं. मराठवाडाही कोरडा, दक्षिण कॅलिफोर्नियाही कोरडा. उलट १९९७मध्ये, शतकातला सर्वात दांडगा एल निनो असताना, भारताचा पावसाळा सरासरीच्या १०२ टक्के झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाही बुडाला. मराठवाड्याचं आभाळ आणि कॅलिफोर्नियाचं आभाळ यांच्यात काही देवघेव असेल, पण ती एवढी सरळ नाही.

ही देवघेव ज्याने प्रथम कागदावर आणली तो माणूस माझा फार लाडका आहे. त्याच्यासाठी थोडी जागा घेतो; मित्राने त्याचं नावही घेतलेलं नाही, ही त्याच्या लेखातली मला सर्वात जास्त खटकलेली गोष्ट.

गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला, बासरीच्या नादाचा आणि बूमरँगच्या उड्डाणाचा अभ्यास करणारा हा तरुण १९०४ साली भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. हवामानशास्त्र त्याला येत नव्हतं. पार्श्वभूमी अशी की १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं लाखांनी मेली, आणि त्यानंतर सरकारला पावसाचा अंदाज हवासा वाटू लागला. अन्नधान्याची निर्यात चालू ठेवून अंदाज मागणं हे त्या सरकारला शोभण्यासारखंच होतं. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून अंदाज बांधले, जॉन इलियट यांनी त्यात आणखी घटक घातले, आणि १८९९ साली चांगल्या पावसाचं भाकीत असताना भयंकर दुष्काळ पडला. अशा बदनाम झालेल्या खुर्चीत वॉकर येऊन बसला. त्याने सिद्धांत बाजूला ठेवला आणि हिशेब मांडायला घेतला. जगभरची निरीक्षणं मागवायची, कारकुनांच्या फौजेला बसवायची आणि कुठल्या ठिकाणच्या हवेच्या दाबाचा कुठल्या ठिकाणच्या पावसाशी संबंध लागतो ते आकड्यांनी तपासायचं. आज यंत्र जे काम डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतं ते हिंदी कारकुनांनी शाई-कागदावर वर्षानुवर्षं केलं. त्यांची नावं कुठे सापडत नाहीत.

त्यातून १९२०च्या दशकात निघाला तो दक्षिणी आंदोलनाचा शोध: पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही. वॉकरला हवा होता हिंदुस्थानच्या मान्सूनचा अंदाज. हाती आला जगाच्या हवामानाचा एक मोठा झोका, जो मान्सूनबद्दल थोडं सांगत होता आणि इतरांबद्दल जास्त. त्याच्या मागाहून खात्याचे प्रमुख झालेल्या चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३मध्ये हे नेमकं मांडलं: वॉकरच्या खटाटोपाचा फायदा भारतापेक्षा इतर प्रदेशांच्या अंदाजाला जास्त होणार, कारण मान्सून स्वतःच कर्ता आहे, त्याच्यावरून पुढचं सांगता येतं, त्याच्याबद्दल आधी सांगता येत नाही. वॉकर १९५८ साली गेला तेव्हा मृत्युलेखातही त्याच्या कामाबद्दल शंकाच होती. अकरा वर्षांनी, १९६९मध्ये, जेकब ब्यर्कनेस यांनी पेरूच्या किनाऱ्यावरचा एल निनो आणि वॉकरचं आंदोलन हे एकाच यंत्राचे दोन भाग आहेत हे दाखवलं आणि त्यातल्या हवेच्या अभिसरणाला वॉकरचं नाव दिलं. ब्यर्कनेस कुठे होते? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. दख्खनच्या दुष्काळापायी सुरू झालेली चौकशी कॅलिफोर्नियात येऊन पुरी झाली. मराठी माणसाने कॅलिफोर्नियाच्या हिवाळ्याबद्दल लिहायचं तर हा धागा हाताशी असताना मराठवाड्याचा पाऊस चोरीला गेल्याची गोष्ट कशाला सांगायची?

पण वॉकर मला लाडका आहे तो दुसऱ्याच कारणासाठी. १९१४मध्ये, आंदोलनाच्या शोधाच्या आधीच, त्याने आपल्याच पद्धतीवर पहारा बसवला होता. तो म्हणाला ते साध्या शब्दांत असं: पन्नास गोष्टींचा पावसाशी संबंध तपासलात तर निव्वळ योगायोगाने त्यांतली एखादी घट्ट जुळलेली दिसणारच. म्हणून सर्वात जुळणाऱ्या गोष्टीला मोजताना आपण किती गोष्टी चाळल्या तेही मोजा. शंभर वर्षांहून जुना हा इशारा कॅलिफोर्नियाच्या एल निनोला लावून पाहा. दांडगे म्हणावेत असे एल निनो नीट नोंदींच्या काळात बोटांवर मोजण्याइतके. त्यांतले १९८२-८३ आणि १९९७-९८ हे दोन जोरात बरसले आणि लोकांच्या ध्यानात राहिले. पहिल्याची तर तो येऊन उभा राहीपर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट चाहूल लागली नव्हती. दुसऱ्याचं भाकीत झालं, पाऊस आला, आणि तिथून एका योगायोगाची श्रद्धा झाली. संबंध खरा आहे, मी तो नाकारत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात एल निनोने पारडं ओल्याकडे झुकतं. पण झुकलेल्या पारड्यावर राज्याचं पाणी तोलायचं नसतं. साठ टक्के शक्यता म्हणजे दर पाच हिवाळ्यांतले दोन तसे नाहीत. आणि त्या दोनांतला एक २०१६ला आला म्हणून अंदाज खोटाही ठरत नाही. अंदाज देणाऱ्यांनी चोख काम केलं. ऐकणाऱ्यांनी त्याचा वायदा केला.

इथवर लिहून माझा मुद्दा संपतो असं वाटणं साहजिक आहे. अंदाज डळमळीत, म्हणून त्यावर विसंबू नका. पण हे उत्तर फार स्वस्त आहे, आणि खरं सांगायचं तर मित्राच्याच अंगणात उभं राहून दिलेलं आहे. त्यात गृहीत असं धरलं आहे की हिवाळा ओला गेलाच तर दुष्काळ सुटेल. समजा, अंदाज शंभर टक्के बिनचूक आहे. समजा, २०२३सारखा हिवाळा ठरल्या तारखेला येतो. मग?

मग धरणं भरतात. २०२३ला ती भरली, आणि काही आठवड्यांत. सिएरावरचा बर्फ सरासरीच्या दुपटीहून अधिक. धरणापुरता दुष्काळ एका हिवाळ्यात सुटतो, यात वाद नाही. पण झाडांचं काय? २०१० ते २०१६ या काळात कॅलिफोर्नियाच्या जंगलात दहा कोटींहून अधिक झाडं मेली, आणि त्यांतली सहा कोटींहून जास्त एकट्या २०१६ला, म्हणजे तथाकथित दिलाशाच्या वर्षी. वर्षानुवर्षं तहानलेल्या पाइनमध्ये सालीखाली पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना हुसकून लावण्याइतका चीक उरत नाही. पाऊस आला तेव्हा ती झाडं उभी होती पण मेलेली होती.

आणि जमिनीखाली? इथे सुतकवाल्यांचं तुणतुणं सुरू होतं, तेव्हा मित्राने पान उलटावं.

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटा गावाजवळ काढलेला एक फोटो जगभरच्या भूजलवाल्यांच्या भिंतीवर असतो. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे जोसेफ पोलंड विजेच्या खांबाशी उभे आहेत. त्यांच्या डोक्याच्या खूप वर, खांबावर पाटी: १९२५. मधे कुठेतरी १९५५. पायाशी १९७७. या पाट्या जमिनीच्या पातळीच्या आहेत. बावन्न वर्षांत जमीन जवळजवळ नऊ मीटर खाली गेली. कारण उपसा. त्या खोऱ्याच्या पोटात वाळूच्या थरांमध्ये चिकणमातीचे जाड थर आहेत. पाणी वाळूतून निघतं तसं चिकणमातीतूनही हळूहळू झिरपून निघतं, आणि एका मर्यादेपलीकडे मातीचे चपटे कण, ढिगातल्या गोवऱ्या कुणी उडव्यात रचून ठेवाव्यात तसे, एकावर एक बसतात. एकदा रचल्या गेल्यावर त्यांच्यामधली जागा संपली. वरून कितीही पाऊस पडो, वाळूत पाणी परत येईल, चिकणमातीत नाही. दुष्काळात शेतकऱ्याने पाणी काढलं असं आपण म्हणतो; त्याने पाणी ठेवायची जागाही काढून टाकलेली असते.

आता या खचण्याचा ओल्या हिवाळ्याशी जो संबंध आहे तो मला कुठल्याही तत्त्वचर्चेपेक्षा बोलका वाटतो. फ्रिअंट-कर्न कालवा १९५१ साली पुरा झाला. सिएराचं पाणी दक्षिणेला नेणारा, सुमारे अडीचशे किलोमीटरचा, आणि संपूर्ण प्रवाह गुरुत्वाकर्षणावर. पंप नाही, म्हणून उताराला एवढं मोल. हा कालवा काढला तो विहिरींवरचा भार कमी व्हावा म्हणून. दुष्काळात कालव्याचं पाणी आटलं, शेतकऱ्यांनी कालव्याच्या आसपासच्या विहिरी उपसल्या, जमीन खचली, कालव्याला मधेच खळगा पडला आणि त्या टप्प्यात त्याची वहनक्षमता साठ टक्क्यांनी घटली. पुढे ओला हिवाळा आला तेव्हा पाणी होतं, पण ते न्यायला कालवा पुरेना. राज्याच्या मोठ्या कॅलिफोर्निया ॲक्विडक्टचंही अव्हेनलजवळ तेच झालं. उपग्रहाच्या मोजमापाने तिथली जमीन दोन फुटांहून अधिक बसली आणि वहनक्षमता वीस टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे दुष्काळाच्या उपशाने पुढच्या सुकाळाचा रस्ताच खोदून ठेवला.

त्याच खोऱ्यातल्या टुलेरीची गोष्ट याहून पुढची. तिथे एकेकाळी मिसिसिपीच्या पश्चिमेचं विस्ताराने सर्वात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर होतं. योकुट लोक त्याच्या काठाने राहत. चार नद्यांचं पाणी अडवून, वळवून ते कोरडं केलं गेलं आणि त्याच्या तळावर कापूस, टोमॅटो आणि पुढे बदाम-पिस्त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. २०२३च्या वसंतात सरोवर परत आलं. लाखाहून अधिक एकर पाण्याखाली. काठावरच्या कॉर्कोरन शहराभोवती पुराचा बांध आहे. उपशाने शहर खचतं तसा बांधही खचतो, म्हणून २०१७ला तो उंच करावा लागला होता आणि २०२३ला पुन्हा. या वेळी राज्याने एक कोटी सत्तर लाख डॉलर दिले. त्याच शेतांच्या बाजूला विहिरी कोरड्या पडलेल्या होत्या. ओला हिवाळा आला तो असा, तळघरात दुष्काळ आणि अंगणात पूर. याला दिलासा म्हणायचं की नाही हे कुठल्या मजल्यावर राहता त्यावर ठरतं.

मजल्यांवरून आठवलं. ईस्ट पोर्टरव्हिल नावाची टुलेरी काउंटीत एक वस्ती आहे, बहुतेक शेतमजुरांची, बहुतेक मेक्सिकन मुळाची. घराघरात उथळ विहीर. २०१४पासून त्या आटत गेल्या. शेकडो घरांत नळाला पाणी नाही, दारात टाकी, अंघोळीला चर्चजवळची फिरती न्हाणीघरं. शेजारच्या बागायतदाराकडे हजार फुटांची बोअर पाडायला पैसे होते. हे चित्र मराठवाड्यात वाढलेल्या कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. या वस्तीला दिलासा कधी मिळाला? ऑगस्ट २०१६मध्ये, पोर्टरव्हिल शहराच्या नळयोजनेला घरं जोडली जाऊ लागली तेव्हा. ओला हिवाळा त्यानंतर आला. एप्रिल २०१७मध्ये ब्राउन यांनी दुष्काळाची आणीबाणी उठवली ती चार काउंटी वगळून: फ्रेस्नो, किंग्ज, टुलेरी आणि ट्युओलम. सांडवा फोडणाऱ्या हिवाळ्यानंतरही.

माझ्या मित्राला हे दिसत नाही कारण तो सॅन होजेत राहतो. आणि गंमत अशी की भूजलउपशाने जमीन खचते हे अमेरिकेत पहिल्यांदा ओळखलं गेलं ते सॅन होजेतच. गेल्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत ते शहर चार मीटरच्या आसपास बसलं. खाडीचं पाणी आत येऊ लागलं. ते थांबलं ते कुठल्या एल निनोने नाही. १९२९ला स्थापन झालेल्या पाणी जिल्ह्याने ओढ्यांचं पाणी जिरवण्याची तळी बांधली, १९६५पासून राज्याच्या कालव्याचं पाणी विकत आणलं, आणि उपशावर पट्टी बसवली. मित्राच्या घराचा पाया आज जिथे आहे तिथेच टिकून आहे तो ज्यांनी त्याच्या लेखी लग्नघरात सुतक पाळलं त्यांच्यामुळे. कळावे.

पण आता सुतकवाल्यांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी, आणि त्यांत मी आलो. पावसाने दुष्काळ सुटत नाही, हे वाक्य आमच्या गोटात फार सहज बोललं जातं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस कोसळला आणि मांजरा भरलं. विहिरींनाही पाणी आलं. लातूरचा दुष्काळ पावसाने सुटला, सरळ सुटला. कारण तिथला खडक निराळा. दख्खनच्या बेसाल्टला पाणी धरायची जागाच थोडी: वरचा कुजका मुरूम आणि खालच्या भेगा. ती एका पावसाळ्यात भरते आणि एका उन्हाळ्यात रिकामी होते. तिथे खचण्याची भीती नाही, जागा कायमची जात नाही. पण चांगल्या वर्षाचं पाणी वाईट वर्षासाठी राखताही येत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये राज्याला १५१ तालुक्यांत पुन्हा दुष्काळ जाहीर करावा लागला तो दोनच वर्षांनी. सॅन वाकीनचं उलटं. तिथलं पोट एवढं खोल की दहा दुष्काळ पचवेल, पण एकदा ओढून घेतलेलं एका हिवाळ्यात भरत नाही. कॅलिफोर्नियाचा धडा उचलून मराठवाड्यावर आपटणारे आणि मित्रासारखे उलटा प्रवास करणारे, दोघेही खडकाकडे न बघता आभाळाकडे बघतात. महाराष्ट्रात सॅन वाकीनच्या जवळ जाणारी जागा शोधायची तर ती तापीच्या गाळात आहे, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात. तिथे भूजल वर्षानुवर्षं खाली जात आहे आणि तिथे एका चांगल्या पावसाने काही उमटत नाही.

म्हणून ओला हिवाळा दिलासा देईल का, या प्रश्नाला मी आता नाही म्हणत नाही. खडक सांगेल, आणि त्याहून जास्त, पाऊस पडत असताना माणसं काय करतात ते सांगेल. मार्च २०२३मध्ये कॅलिफोर्नियाने पुराचं पाणी शेतात वळवून जिरवण्याच्या परवानग्या सैल केल्या. द्राक्षांच्या, बदामांच्या बागांत मुद्दाम पाणी सोडलं गेलं. त्या जलवर्षात माणसांनी ठरवून जिरवलेलं पाणी राज्याच्या हिशेबाने ४१ लाख एकर-फूट होतं. आपल्या मापात सुमारे १७८ टीएमसी, म्हणजे पावणेदोन जायकवाडी. एका हिवाळ्यात. हे मला आधी शक्य वाटलं नसतं. वाळू अजून पाणी घेते. चिकणमातीचं गेलं ते गेलं, पण सगळं गेलेलं नाही.

याच्या शेजारी २०१६चा मे महिना ठेवा. गॉडझिला चुकला होता, उत्तरेला जेमतेम सरासरी पाऊस झाला होता, दक्षिण कोरडी होती. तरी राज्याने पंचवीस टक्क्यांची सक्ती उठवली आणि प्रत्येक पाणीपुरवठादाराला सांगितलं की आणखी तीन कोरडी वर्षं आली तर पुरेल का ते तुमचं तुम्ही कळवा. बहुसंख्यांनी कळवलं की पुरेल, बचतीची गरज नाही. ऑगस्ट २०१५ला शहरांची बचत २७ टक्के होती, ऑगस्ट २०१६ला ती अठरावर आली. पाऊस पडलेलाच नव्हता. पडेल अशी बोलवा झाली होती, तेवढ्याने भागलं.

राज्य म्हणून कॅलिफोर्नियाने २०१४पर्यंत भूजलाला हातच लावला नव्हता असं म्हणणं फारसं चुकीचं नाही. राज्यव्यापी भूजल कायदा आला तो सप्टेंबर २०१४मध्ये, दुष्काळाच्या ऐन मध्यात. सर्वाधिक उपसलेल्या खोऱ्यांनी २०४०पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायचा. पाऊस चांगला असता तर तो कायदा झाला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे. एप्रिल २०२४मध्ये टुलेरी सरोवराच्या खोऱ्याचा आराखडा अपुरा म्हणून राज्याने ते देखरेखीखाली घेतलं, आणि शेतकरी संघटना न्यायालयात गेली. जाणकारांचा अंदाज असा की सॅन वाकीन खोऱ्यात मेळ घालायचा तर निदान पाच लाख एकर शेती पडीक ठेवावी लागेल. कुणाची? ज्याच्याकडे कालव्याचा जुना हक्क आहे त्याची नाही, एवढं सांगता येतं. मोठ्या कंपनीचे बदाम राहणार आणि दोनशे एकरांवर टोमॅटो काढणाऱ्याचं रान पडणार, की उलट, हे कुठल्याही समुद्राचं तापमान मोजून कळणार नाही. प्रत्येक ओल्या हिवाळ्याच्या बातमीने ही वाटणी एका वर्षाने पुढे जाते. माझ्या मित्राच्या पुढच्या लेखात पॅसिफिकच्या आकड्यांखाली या पाच लाख एकरांची यादी आली, तर मी तो लेख चुका काढण्याचा हेतू सोडून वाचीन.